जेवणाआधीची झडप

गावात त्यांना सगळे अत्तरवाले म्हणत. कुणी चुकून खरं नाव घेऊन हाक मारली तर ते स्वतःच इकडेतिकडे बघत, कोण बुवा हा? गावाच्या खालच्या अंगाला, जिथे घरं संपतात आणि नदी जवळ येते, तिथे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होतं आणि अत्तरवाले तिथे तीस वर्षं काम करत होते. साऱ्या गावाने नाक मुरडून जे जे मोरीत ओतलं ते ते शेवटी त्यांच्या दारात यायचं. चेष्टेने पडलेलं हे नाव त्यांनी इतकं अंगी लावून घेतलं होतं की न्हाव्याच्या दुकानात शिरताना स्वतःच म्हणत, "सरका, अत्तरवाले आले."

केंद्र तसं लहानच. आधी एक जाळी, तिच्यात गावाची सगळी लफडी अडकायची: चिंध्या, केसांचे गुंते, खेळण्यातल्या मोटारी, एकदा तर आख्खी दातांची कवळी. तिचा मालक अजून पुढे आलेला नाही. जाळीनंतर हवेची टाकी. तिच्यात खालून सतत बुडबुडे सोडायचे, म्हणजे घाण खाणारे जंतू तगतात. त्यानंतर निवळणीची टाकी, जिच्यात गाळ तळाला बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी काठावरून ओसंडून नदीला मिळतं. अत्तरवाले त्या जंतूंना "माझी जनावरं" म्हणत. माणसांपेक्षा ती बरी, वेळेवर खाऊ घाला आणि हवा द्या, ती तोंड वर करून बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. हे मत ते घरी बायकोसमोर मांडत नसत.

दर सोमवारी ते शेवटच्या टाकीतल्या पाण्याची बाटली भरत, बर्फाच्या डब्यात ठेवत आणि सकाळी नऊच्या बसने मोठ्या गावातल्या प्रयोगशाळेत पाठवत. बाटलीवरच्या चिठ्ठीत 'वेळ' असा रकाना होता, त्यात ते लिहीत, 'नेहमीची'. अकरा वर्षं झाली होती ही तपासणी सुरू होऊन, आणि अकरा वर्षांत एकही अहवाल वाईट आला नव्हता. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र टेबलामागे चौकटीत टांगलेलं होतं. पाहुणे आले की अत्तरवाले काचेच्या ग्लासात ते पाणी भरून उजेडासमोर धरत. पिऊन मात्र दाखवत नसत, तेवढे ते शहाणे होते.

या सगळ्या कौतुकात एकच माणूस सामील नव्हतं, आणि ते म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण.

केंद्र सुरू झालं तेव्हा तिथले पहिले चालक यांचे वडील, आबा. आबांनी मुलाला आपलं काम शिकवलं आणि मुलीला नदीकाठचा जमिनीचा तुकडा दिला. तिने तिथे तळं खणून मासे पाळले. नदीतून एक पाट तळ्यापर्यंत यायचा आणि त्याच्या तोंडाशी लाकडी फळीचं दार होतं. फळी वर ओढली की नदीचं ताजं पाणी तळ्यात. म्हणजे दोघं भावंडं एकाच पाण्यावर जगत होती, भाऊ वर आणि बहीण खाली.

तीन वर्षांपूर्वी, नदी आटली होती त्या दिवसांत, ताई एका सकाळी टोपली घेऊन केंद्रात आली. तिने ती टोपली सरळ भावाच्या टेबलावर, अहवालांच्या फाइलवर ठेवली. टोपलीत मेलेले मासे होते.

"हे बघ, ढोल्या." लहानपणी ते गुटगुटीत होते म्हणून पडलेलं हे नाव. आता अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण ताईपुढे ते ढोल्याच होते.

"कशाने मेले?"

"ते तू सांग. काल संध्याकाळी मी पाणी घेतलं तळ्यात. सकाळी बघते तर सगळे पोट वर करून तरंगतायत. सगळे म्हणजे सगळे."

अत्तरवाल्यांनी टोपली हळूच बाजूला केली आणि खालची फाइल उघडली. हीच त्यांची चूक, पण त्या वेळी त्यांना तो समजूतदारपणा वाटला. "हा परवाचा अहवाल. हा त्याच्या आधीचा. अमोनिया बघ, नावालासुद्धा नाही. माझ्या पाण्याने मासा मरणार नाही, ताई. तुझ्याकडून खाद्य जास्त पडलं असेल."

"मी वीस वर्षं मासे पाळतेय."

"मग आलं असेल दुसरीकडून कुठून तरी."

ताईने टोपली उचलली. मग म्हणाली, "तुझा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी नदी वेगळी असते. डोळे चुरचुरतात. तू एकदा संध्याकाळी ये माझ्याकडे, त्या दारापाशी उभा राहा आणि तुझं तू बघ. एवढंच सांगायला आले होते."

"येतो की," अत्तरवाले म्हणाले.

ते गेले नाहीत. त्या दिवशी हवेचं यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, पण तोवर त्यांच्या मनाने घेतलं होतं की हातात कागद असताना जायचं कशाला? गेलो तर आपणच आपल्या कामावर शंका घेतल्यासारखं होईल. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग जाण्याचीच लाज वाटायला लागली. ताईने पुन्हा या बाजूला पाऊल टाकलं नाही. अबोला धरला. बायको तेवढी जाऊन येऊन असायची, पण तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे करायचं नाही हा तिचा नियम होता. तीन वर्षं अशी गेली. ताईची आठवण त्यांना रोज यायची, कारण रोज समोरून जे पाणी जायचं ते तिच्याचकडे जायचं.

मग बस बदलली.

नऊची बस बंद झाली आणि त्याऐवजी दुपारी चारची सुरू झाली. अत्तरवाल्यांनी चार शिव्या हासडल्या, आणि त्या सोमवारपासून बाटली साडेतीनला भरायला लागले. तीन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला. ही मुलगी त्यांना काका म्हणायची. अकरा वर्षांत तिने फक्त अभिनंदनालाच फोन केला होता.

"काका, तुमच्या बाटलीत काहीतरी घोटाळा दिसतोय. अमोनिया खूप आलाय."

"घोटाळा तुमच्याकडे असेल, पोरी. पुन्हा बघ."

पुन्हा बघितलं, तेच आलं. पुढच्या सोमवारची बाटली त्याहून वाईट निघाली. अत्तरवाल्यांनी बाटलीला दोष दिला, बर्फाला दिला, बसच्या ड्रायव्हरला दिला. तो ड्रायव्हर बिचारा बाटली मांडीवर घ्यायचा तेवढा बाकी होता.

"काका, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "तुम्ही वेळेच्या रकान्यात 'नेहमीची' लिहिता. नेहमीची म्हणजे कितीची?"

"बसच्या आधीची."

"आणि आधी बस कधी होती?"

"सकाळी नऊला." हे बोलले आणि अत्तरवाले फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. पलीकडून ती दोनदा "काका, काका" म्हणाली, मग तिनेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी घरातले चहाचे बारा ग्लास पिशवीत भरले.

"बारा?" बायकोने विचारलं. "कोण येतंय?"

"गाव येतंय," ते म्हणाले आणि निघाले.

केंद्रात कपाटाच्या तळाशी अमोनिया तपासायच्या पट्ट्यांची डबी पडून होती. पट्टी पाण्यात बुडवायची: पिवळी राहिली तर पाणी बरं, हिरवी झाली तर अमोनिया. प्रयोगशाळा असताना पट्ट्या कोण वापरतो म्हणून ती कधी फोडलीच नव्हती. सकाळी सातपासून दर तासाला त्यांनी एक ग्लास भरून खिडकीत ठेवला आणि त्याच्यासमोर त्याची पट्टी. सात, आठ, नऊ, सगळ्या पिवळ्या. दुपारचा एक, तरी पिवळीच. दोनची जराशी हिरवट. तीनची हिरवी, चारची हिरवीगार, पाचची त्याहून गडद, सहाचीही तशीच. ग्लासातलं पाणी मात्र बाराच्या बारा ग्लासांत सारखं स्वच्छ दिसत होतं. पाहुण्यांना दाखवावं असं.

आधी त्यांचा संशय गावावर गेला. दूधवाल्यांची डेअरी असेल, स्टँडजवळची लाँड्री असेल, कुणीतरी दुपारी चोरून काहीतरी सोडत असेल. मनातल्या मनात त्यांनी चार जणांना फासावर चढवलंसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी जाळीपाशी, गावाचं पाणी आत येतं तिथे, दर तासाला पट्टी बुडवली तर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखंच. जे दुपारी वेगळं आत शिरलंच नाही ते दुपारी वेगळं बाहेर कसं पडतं? चोर घरातलाच होता.

ते नळाशी हात धुवायला गेले. नुकताच त्यांचा डबा खाऊन झाला होता. डाव्या हाताने नळ सोडला आणि उजव्या हाताने, तिकडे न बघता, शेजारची झडप बंद करायला घेतली. हात तिथेच थांबला.

ही झडप गाळाच्या टाकीची. निवळणीच्या तळाशी बसलेला गाळ रोज त्या टाकीत जायचा आणि दाट व्हायचा, आणि त्याच्यावर काळं, कडक पाणी जमायचं. ते पाणी नदीत सोडून चालत नाही. ते परत मागे, जाळीनंतरच्या हवेच्या टाकीत, जंतूंच्या ताटात वाढायचं. म्हणून रोज एकदा ही झडप उघडायची. केव्हा उघडायची आणि किती वेळ, हे आबांनी ठरवून दिलं होतं: आधी झडप, मग डबा. डबा संपला की झडप बंद. "घड्याळ बंद पडतं, भूक पडत नाही," आबा म्हणायचे. नळाशेजारीच असल्यामुळे हात धुताना विसरायचा प्रश्नच नाही. तीस वर्षांत अत्तरवाल्यांनी ही झडप उघडल्याशिवाय पहिला घास घेतला नव्हता. काल, बारा ग्लास मांडून ज्या दिवशी ते चोर शोधत होते, त्या दिवशीसुद्धा साडेबाराला त्यांनी ती उघडली होती आणि उघडली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आबांच्या वेळी गाव मूठभर होतं. टाकीत दिवसाला दोन-चार बादल्या काळं पाणी जमायचं, जंतू ते हसत पचवत. आता गाव तिप्पट झालं होतं, गाळ तिप्पट झाला होता, आणि झडप अजून एका माणसाच्या जेवणापुरती उघडत होती. म्हणजे दिवसभराचं सगळं विष एका डब्याच्या वेळेत आत. जंतूंना ते झेपत नव्हतं. तासा-दोन तासांनी अमोनिया तसाच पलीकडून बाहेर पडत होता आणि रात्रीतून टाकी पुन्हा सावरत होती. सकाळी नऊला पाणी कसं निर्मळ. बाटली भरायची ती तेव्हाच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा घरीच ठेवला. डबा उघडला की हात झडपेकडे जाणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि आता त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास उरला नव्हता. उपाशी बसून त्यांनी दर तासाला पट्टी बुडवली. संध्याकाळपर्यंत एक पट्टी हिरवी झाली नाही.

ते काठावर उभे राहून पाणी नदीत पडताना बघत राहिले. लहानपणी ते आणि ताई इथून नदीत वस्तू सोडत. हा वर उभा, ती धावत खाली, आता तळं आहे त्या वळणाशी. एकदा त्यांनी आबांच्या डब्याचं झाकणच सोडलं होतं. दोन तासांनी ते ताईच्या हाती लागलं आणि मार मात्र दोघांना पडला. दोन तास. चारला इथून निघालेलं पाणी सहाला ताईच्या दारात पोचतं, आणि ऊन उतरलं की सहाला ती फळी वर ओढायची. एरवी भरल्या नदीत ते विष विरून जायचं, त्या वर्षी नदी आटलेली होती. कागद खरा होता आणि मासेही खरे होते, आणि त्यांनी कागद निवडला होता.

आठवड्याने साहेब आले. साहेब म्हणजे तालेवार माणूस, चार केंद्रं सांभाळणारे, स्वभावाने वाईट नाहीत, फक्त घाईत असायचे. अत्तरवाल्यांनी त्यांना सगळं सांगितलं आणि झडपेपाशी नेऊन दाखवलं. झडपेच्या चाकाला त्यांनी एक बोल्ट ठोकून बसवला होता, म्हणजे ती करंगळीएवढ्या धारेपलीकडे उघडूच शकणार नाही. काळं पाणी आता दिवसरात्र थोडं थोडं जात होतं.

"मग केलंत ना दुरुस्त?" साहेब म्हणाले. "झालं तर. आता एक करा, बाटली सकाळीच भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुपारच्या बसने पाठवा. नियमात बसतं ते."

"पण मागचं?"

"मागचं उकरून कुणाचं भलं होणार आहे, अत्तरवाले? पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त. अकरा वर्षांच्या नावावर स्वतःच बोळा फिरवताय?"

खोटं कशाला सांगा, अत्तरवाल्यांना तो सल्ला गोड लागला. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आबाही म्हणत असत. रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी येऊन त्यांनी कामाच्या वहीत लिहिलं की रोज साडेबाराला झडप पूर्ण उघडण्याच्या माझ्या सवयीमुळे गेल्या आठवड्यापर्यंत दर दुपारी खराब पाणी नदीत गेलं, आणि खाली सही केली. सोमवारी बाटली भरली आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, 'दुपारी साडेतीन'. हे सगळं करताना त्यांना शूर वगैरे काही वाटलं नाही.

"आता तिकडे जा," बायको म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मला काय विचारता? नियम म्हणजे नियम."

अत्तरवाले संध्याकाळी निघाले. वाटेत त्यांनी मनात वाक्यं जुळवली. त्यातलं सर्वांत सोयीचं वाक्य होतं, 'आबांनी शिकवलं तसंच करत आलो.' ते खरंही होतं, आणि ताईचा आबांवर जीव होता, ती पुढे एक शब्द बोलली नसती. पुलापर्यंत ते वाक्य त्यांच्या तोंडात होतं. पूल ओलांडताना त्यांनी ते टाकून दिलं.

ताई तळ्याच्या कडेला स्टुलावर बसून जाळं शिवत होती. केस पुरते पांढरे झाले होते. तीन वर्षांत एवढं झालं आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"ताई, तुझे मासे मी मारले."

ताईने मान वर केली नाही. गाठ पक्की केली, दोरा दाताने तोडला. "कसे?"

त्यांनी सांगितलं. बस, बारा ग्लास, झडप, डबा, झाकण.

"म्हणजे आबांची झडप," शेवटी ती म्हणाली.

"झडप आबांची. पण गाव वाढलेलं आबांनी नाही पाहिलं, मी पाहिलं. रोज पाहिलं."

ताईने जाळ्याची दुसरी फाटकी जागा हातात घेतली. "मला दोन महिन्यांत कळलं होतं, संध्याकाळी पाणी घ्यायचं नाही म्हणून. दार पहाटे उघडते मी तेव्हापासून. नवे मासे सोडले. बरे आहेत."

अत्तरवाले बघतच राहिले. "बरे आहेत? मग तीन वर्षं हा अबोला कशासाठी?"

आता तिने मान वर केली. "मासे मेले त्याचा राग त्या आठवड्यातच गेला होता. मासे मरतात, ढोल्या. चूक आबांकडूनही झाली असती. पण मी आबांना म्हटलं असतं ना, एकदा येऊन बघा, तर हातातला घास टाकून आले असते. मी रोज सहाला या दारापाशी उभी राहायचे. वाटायचं, आज येईल."

अत्तरवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि या वेळी त्यात नदीचा काही दोष नव्हता. ताई उठली, पदराला हात पुसले आणि पाटाच्या तोंडाकडे चालू लागली. ते मागोमाग गेले.

"आता नीट झालंय म्हणतोस?"

"नऊ दिवस झाले. एकही पट्टी हिरवी नाही."

"मग उघड. सहा वाजलेत. संध्याकाळचं पाणी घेऊन बघू."

त्यांनी फळीची मूठ दोन्ही हातांनी धरली. आतल्या बाजूला, पायांच्या चाहुलीने खाद्य मिळेल म्हणून, मासे दाराशी जमले होते. पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं. पलीकडे नदी उभी होती, स्वच्छ दिसणारी. नऊ दिवसांचे एकशे आठ ग्लास त्यांच्या बाजूने होते. अकरा वर्षं बाटल्या पाठवताना त्यांना एकदाही शंका आली नव्हती. आता येत होती.

त्यांनी मूठ सोडली.

"नको."

"का?"

"ते सगळं मी माझ्याकडे मोजलंय. इथे, तुझ्या दारात, एकदाही मोजलेलं नाही. इथलं पाणी कसंय ते..." ते अडखळले. "मला माहीत नाही, ताई."

ताईने त्यांच्या पाठीवर, लहानपणी मारायची तशी, एक थाप मारली. चांगली लागली.

अत्तरवाल्यांनी खिशातून पट्ट्यांची डबी काढली, पाटाशी उकिडवे बसले आणि नदीत एक पट्टी बुडवली. दोघं तिच्यावर डोकी लावून थांबली. ती पिवळी राहिली.

"एका दिवसाने काही ठरत नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवस बघू दे. तोवर दार पहाटेच उघड."

"बरं. उद्या येशील?"

"येतो की," त्यांच्या तोंडून गेलं, आणि दोघांनाही तो शब्द ओळखीचा वाटला. अत्तरवाले खजील झाले. हातातली डबी त्यांनी दाराच्या खांबावर ठेवली, त्यांच्याकडची तेवढी एकच होती, आणि काही न बोलता घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना ते पुलावर पोचले. ताई दारापाशी आधीच उभी होती. तिच्या हातात दोन ग्लास होते, एकात चहा, आणि दुसरा पाण्यासाठी रिकामा.